दुसऱ्याचं मागणं

१

कानाची यंत्रं विकणारीला सगळी गल्ली ‘कानवाली’ म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. समोरच्या दातांच्या डॉक्टरला लोक ‘पक्कड’ म्हणत. त्या मानानं आपलं बरं, असं ती हसून म्हणे.

दुकान पहिल्या मजल्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर. बाहेर चार खुर्च्या, टेबल, कॉम्प्युटर. आत आवाजबंद खोली, कपाटाहून थोडी मोठी, भिंतींना राखाडी स्पंज, हातभर जाडीचं दार आणि एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी. माणसानं आत बसायचं, हेडफोन लावायचा, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. अठरा वर्षं ती काचेच्या अलीकडे बसून लोकांची बोटं बघत आली होती. ऐकू न येणारी माणसंही बटण दाबतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली. कमीपणा नको म्हणून दाबतात. त्यामुळे ‘ऐकू आलं’ म्हणणाऱ्यावर तिचा चटकन विश्वास बसत नसे.

त्या मंगळवारी सकाळी दहाला स्टेनोबाई आल्या. वय सत्त्याहत्तर. पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होत्या. साक्षीदार बोलायचे, वकील ओरडायचे, आणि बाई मान वर न करता ते सगळं वळवळत्या रेघांत उतरवायच्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी दोन्ही कानांना नवी यंत्रं घेतली होती. आज तपासणी.

“काय म्हणतंय यंत्र? ऐकू येतंय ना?”

“येतंय. नळ येतो, पंखा येतो, सुनेचं पुटपुटणं येतं.” बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. “एक बाईपण येते.”

“कोण बाई?”

“ते तुम्ही सांगा. यंत्र तुमचं.”

बाईंनी पिशवीतून वही काढली. सकाळी सगळे कामाला गेले की त्या खिडकीशी बसत. गुरुवारी तिथंच, अगदी कानाच्या पाळीशी, कुणीतरी बोलायला लागलं. समजायच्या आत हातानं पेन्सिल उचलली होती. जन्माची सवय.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि कोर्टात वाचत असतील तशा सपाट आवाजात वाचलं, “मजकूर असा. ‘रिपोर्ट चांगला येऊ दे. तो अजून चाळिशीचापण नाही. मी गोड सोडते, चहातली साखरसुद्धा सोडते. रिपोर्ट चांगला येऊ दे.’ मजकूर संपला.”

२

कानवालीकडे याला उत्तर होतं. काही यंत्रांत तारेचं एक बारीक वेटोळं असतं. मोठ्या सभागृहांत जमिनीखालून तार फिरवलेली असली, तर माइकवर बोललेलं त्या वेटोळ्यातून थेट कानात उतरतं.

“तुमच्या घराजवळ प्रार्थनेचं सभागृह आहे की,” ती म्हणाली. “तिथलं येत असणार. मी ते वेटोळंच बंद करून टाकते.”

“साखर सोडते हे कुणी माइकवर सांगतं?”

“लोक काय वाट्टेल ते माइकवर सांगतात, बाई.”

दोन बटणं दाबली, काम झालं. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती सहज त्या सभागृहाकडे गेलीसुद्धा. तिथला राखणदार जिना पुसत होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तार? अहो, आमच्याकडे माइकच नाही. वरच्या मजल्यावर सगळे गप्प बसतात. हीच त्यांची पद्धत.”

ती परत आली ती दुसरं उत्तर घेऊन. कान बरीच वर्षं उपाशी राहिला की मेंदू स्वतःच काहीबाही शिजवून खातो. कुणाला जुनी गाणी ऐकू येतात, कुणाला गर्दी. पुस्तकात आहे हे. बाईंना सौम्य शब्दांत सांगायला हवं.

पुढच्या मंगळवारी बाई आल्या तेव्हा वही अर्धी भरली होती.

“वाचू?”

“वाचा.”

वाचताना बाईंचा आवाज कुठंच हलला नाही. कुणी एक जण नुसती नावं घेत होता, एकवीस नावं, आणि प्रत्येक नावानंतर ‘सुखी ठेव’ म्हणायचाही कंटाळा. नुसतं नाव आणि श्वास. कुणी सौदा करत होतं, हे दे मग मी ते करीन. एका बाईनं शिव्या दिल्या होत्या. सरळ, आईबहिणीवरून नाही पण जवळपास, आणि शेवटी म्हणाली होती, ‘तुझ्याशिवाय कुणाला देऊ?’ कानवालीला त्यावर हसू आलं. कुणाला पाठ केलेले शब्द मधेच आठवेनात, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता, सात वेळा. एका म्हाताऱ्या आवाजानं काहीच मागितलं नव्हतं. ‘आज पेरू चांगला लागला’ एवढंच.

“आणि हे,” बाईंनी पान उलटलं. इथं अक्षर नव्हतंच. ओळीवर नुसते ठिपके. “हे रडणं आहे. शब्द नाहीत. कोर्टात आम्ही असंच ठिपके देत असू.”

कानवालीचं हसू विरलं. मेंदू शिजवतो तो आपल्याच घरातला शिधा. बाईंनी कधी ऐकली होती ही एकवीस नावं?

“यंत्र द्या इकडे,” ती म्हणाली. “मी ऐकते.”

३

डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी असते. एक टोक यंत्राला लावायचं, दुसरं आपल्या कानांत. ग्राहकाला काय ऐकू येतंय ते तसंच्या तसं ऐकता येतं. तिनं बाईंचं उजव्या कानाचं यंत्र नळीला लावलं.

खाली किल्लीवाल्याची कानस चालली होती. खुर्ची करकरली. बाईंच्या बांगड्या वाजल्या. सगळं ठीक, स्वच्छ. पाच मिनिटं गेली. ती नळी काढणारच होती.

“आज नको,” कुणीतरी म्हणालं. पुरुष, वयस्कर, शांत. “उद्या चालेल. आज तिचा वाढदिवस आहे. आज नको.”

मग शांतता. आणि त्या शांततेत श्वास.

तिचा व्यवसायच ऐकण्याचा. कुठलाही आवाज एकटा येत नाही, मागं खोली घेऊन येतो. भिंती, पडदे, उंच छत, सगळं त्या आवाजाला चिकटलेलं असतं. त्या म्हाताऱ्याच्या मागंही एक लहानशी खोली होती, कोपऱ्यात घड्याळ होतं. पण तो बोलायचा थांबल्यावर जो श्वास आला, तो त्याचा नव्हता. आणि त्याच्यामागं काहीच नव्हतं. ना भिंत, ना छत, ना हवा. नुसता श्वास, अगदी जवळ, संथ. कुणी मन लावून ऐकत असलं की घेतं तसा.

तिनं यंत्राचं झाकण नखानं उघडलं. बॅटरी तळहातावर पडली, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

श्वास चालू होता.

एक. दोन. तीन. मग तो एकदम थबकला, आपल्याला कुणी ऐकतंय हे लक्षात आल्यावर माणूस श्वास धरतो तसा.

तिनं नळी कानांतून ओढली. बाई तिच्याकडेच बघत होत्या.

“तुम्हालाही आला ना?” त्या हळूच म्हणाल्या. “तो मी लिहीत नाही. त्याला काय खूण द्यायची, कळत नाही.”

“कोण आहे तो?”

“मी लघुलेखिका, बाळ. कोण बोलतं, कोण ऐकतं, ते ठरवणं माझं काम नव्हे.”

४

कानवाली हट्टी. लहानपणी घरात एक जण तिला ‘ठिणगी’ म्हणायचा, ते उगाच नाही. ‘यंत्रात दोष असेल तर आवाजबंद खोलीत कळेल,’ तिनं ठरवलं. त्या खोलीच्या स्पंजामागं पत्रा होता. मोबाइलसुद्धा आत मरून पडायचा. तिथं काही आलं, तर मात्र आपल्याकडे उत्तर नाही, हे तिनं मनाशी कबूल केलं.

बुधवारी सकाळी सव्वादहाला बाईंना आत बसवलं. मांडीवर वही, हातात पेन्सिल. दार लागलं, तसं खालच्या कानशीचं खरखरणंही बाईंपुरतं संपलं. कानवाली काचेशी बसली.

दहा मिनिटं बाई नुसत्या बसून होत्या. मग पेन्सिल हलली. ओठ बंद, डोळे समोरच्या स्पंजावर, आणि हात मात्र त्यांचा नसल्यासारखा पळत होता. एक पान. दुसरं पान. कानवालीला उगाचच थंडी वाजली.

बाई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला.

“मजकूर असा. आवाज पुरुषाचा, दमलेला. ‘ठिणगीला मी जे बोललो ते परत घे. बोललेलं परत घेता येत असेल तर घे. बाबांना तिनं मारलं नाही, आजारानं मारलं. मला तेव्हाही कळत होतं. पाय आता दुखत नाही, ते बरंय. पाणी पोटापर्यंत आलंय. बाकी मी काही मागत नाही. ठिणगीला बोललो ते परत घे.’ मजकूर संपला. शेवटचं वाक्य चार वेळा आहे.”

वही मिटून बाईंनी वर पाहिलं. “काय झालं हो? पांढऱ्या पडलात.”

ठिणगी हे नाव जगात एकाच माणसाच्या तोंडी होतं. दादाच्या. दोन वर्षांपूर्वी वडील अतिदक्षता विभागात होते, अकरा दिवस यंत्राच्या श्वासावर. दादा रोज बाहेरच्या बाकावर हात जोडून बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, आता काही उरलेलं नाही, यंत्र काढायला कुणीतरी सही करा. दादाला करवेना. तिनं केली. बाहेर आली तेव्हा दादा बाकावरून उठला आणि सगळ्या लोकांसमोर म्हणाला, “माझं मागणं अजून चालू होतं. तू मधेच बाबांना मारलंस.”

त्यानंतर दोघं बोलले नव्हते. एकाच गावात राहून, एकदाही नाही.

५

तिनं दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“कुठं आहे तो? ते लिहिलंय का?”

“जे बोलला तेवढंच लिहिलंय.”

“मागं काय होतं? आवाजाच्या मागं?”

“मला शब्द ऐकायची सवय आहे, बाळ. मागचं तुम्ही ऐका.” बाईंनी दोन्ही यंत्रं काढून तिच्या हातात ठेवली.

त्या खोलीत जायची तिची अजिबात इच्छा नव्हती. तो बिनभिंतींचा श्वास आत असणार, हे तिला ठाऊक होतं. पण पाणी पोटापर्यंत आलंय, असं तो म्हणाला होता, आणि ते ऐकूनही काही मिनिटं उलटली होती. तिनं यंत्रं कानांत घातली आणि जाड दार स्वतःच ओढून घेतलं.

पहिल्यांदा फक्त स्वतःचं रक्त ऐकू आलं, धबधब. मग दादा.

“...परत घे,” तो म्हणत होता. आवाज किती म्हातारा झाला होता त्याचा! “छातीला लागलंय आता. गार आहे. ठिणगीला बोललो ते...”

तिला ओरडावंसं वाटलं, पण तिनं ओठ चावला. शब्द सोडून दे, तिनं स्वतःला बजावलं. मागची खोली ऐक. भिंती जवळ आहेत, गुळगुळीत आहेत. आवाज टणकन परत येतोय. वर झाकण आहे. पाणी एका बाजूनं चुळचुळ आत येतंय. लांब एक मोटर घरघरतेय. आणि मधूनमधून एक लोखंडी टकटक, दोन ठोके जवळजवळ, तिसरा जरा उशिरा. टक-टक... टक.

ती टकटक तिनं ऐकलेली होती. दादा बावीस वर्षं पोहण्याच्या तलावावर पंप चालवत होता. नवा नवा लागला तेव्हा तिला कौतुकानं खाली घेऊन गेला होता, तलावाच्या पोटात; तिथं फरशीखाली एक टाकी होती आणि टाकीवरचा एक वाल्व असा लंगडत वाजायचा. “म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो,” दादा म्हणाला होता.

ती उठणार इतक्यात दादाचं बोलणं थांबलं. आणि श्वास आला.

या वेळी यंत्रातून नाही. उजव्या बाजूनं.

तिनं मान वळवली नाही. समोर काच होती. काचेपलीकडे बाई उभ्या होत्या, आणि काचेतच तिचं स्वतःचं पुसट प्रतिबिंब होतं. त्या प्रतिबिंबाच्या खांद्याशी कुणीतरी वाकलेलं होतं. चेहरा दिसला नाही. असलाच तर तो पलीकडे वळवलेला होता. दिसला तो नुसता डोक्याचा कल. बंद दाराला कान लावताना माणूस मान कलती करतो, तसा. ते तिच्या कानात काही सांगत नव्हतं. ते तिच्याबरोबर ऐकत होतं.

काचेपलीकडे बाईंचा हात तोंडावर गेला.

ती दार लोटून बाहेर आली. यंत्रं बाईंच्या हातात ठेवून जिन्याकडे धावली.

६

टॅक्सीत बसल्या बसल्या तिनं अग्निशमन दलाला फोन केला. “तलावाखालच्या टाकीत माणूस अडकलाय.” पलीकडून विचारलं, “तुम्ही पाहिलंत का?” ती म्हणाली, “ऐकलं.” आणि ते खोटं नव्हतं.

तलावाच्या फाटकावर पहारेकरी पेपर वाचत बसला होता.

“तलाव बंद आहे, ताई. नव्या लाद्या बसवायच्यात. आठवडाभर कुणी नाही.”

“पंपवाले कुठं आहेत? माझा भाऊ.”

“दादा? ते काल सकाळी आले होते. गेले असतील.”

“जाताना पाहिलंत?”

पहारेकऱ्यानं पेपर खाली ठेवला. भिंतीशी दादाची सायकल उभी होती. त्यानं सायकलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्यापुढं पळत सुटला.

जिना उतरताना तिला आधी मोटर ऐकू आली, मग ती टकटक. फरशीतलं लोखंडी झाकण बंद होतं. टाकीत उतरताना झाकण काठीनं टेकवून उघडं ठेवायची पद्धत होती. काठी मोडून बाजूला पडली होती. दोघांनी मिळून ओढलं. झाकण हलेना. पहारेकरी कुठूनतरी पहार घेऊन आला, तिनं चप्पल काढून दोन्ही पाय भिंतीला रोवले, आणि एकदाचं ते करकरत उभं राहिलं.

खाली काळं पाणी. पाण्यावर एक डोकं, मागं भिंतीला टेकलेलं, हनुवटी वर.

“दादा!”

डोळे उघडले. त्यानं तिला ओळखायला बराच वेळ घेतला. मग घशातून खरखर आली, शब्द होईनात. ती पालथी पडली, कान खाली नेला.

“ठिणगी,” तो कुजबुजला, “आधी वाल्व बंद कर. डावीकडचा.”

तिला इतकं जोरात हसू आलं, की पहारेकरी दचकला. हसता हसताच ती रडत होती. डावीकडचं चाक तिनं दोन्ही हातांनी फिरवलं, चुळचुळ थांबली. मग अग्निशमनवाले आले, दोर आले, आणि बारा वाजायच्या आत दादा उन्हात होता.

७

मांडीचं हाड मोडलं होतं, फुप्फुसात थोडं पाणी होतं, बाकी माणूस शाबूत. चौथ्या दिवशी त्याचा आवाज परत आला, आणि पहिली तक्रार रुग्णालयाच्या चहाची झाली. उशी टणक आहे, शेजारचा खोकतो, नर्स सुई उगाच खुपसते. ती सगळं ऐकत बसली होती. इतकं गोड काही तिनं वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं.

“तुला सांगितलं कुणी?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. बाई, वही, खोली. काचेतलं मात्र गाळलं.

दादानं चहाचा कप खाली ठेवला. “पण मी बोललोच नाही गं.”

“म्हणजे?”

“पहिल्या दिवशी ओरडून ओरडून घसा गेला. दुसऱ्या दिवशी तोंडातून हवासुद्धा निघेना. जे काही म्हटलं ते मनातल्या मनात.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. ती तो आवाज संपेपर्यंत थांबली.

“तिथं तुला... कुणी असल्यासारखं वाटलं?”

त्यानं आधी शेजारच्या पलंगाकडे पाहिलं. “वाटलं. शेवटी शेवटी. बाबा गेले तेव्हा बाकावर बसून मी इतकं मागितलं, तेव्हा पलीकडे कुणी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. टाकीत वाटलं. आणि खरं सांगू? पाण्यापेक्षा त्याची भीती वाटली. कुणी इतकं लक्ष देऊन ऐकायला लागलं की भीतीच वाटते. मग म्हटलं, ऐकतच आहे तर खरं काय ते सांगून टाकू.”

“मी ऐकलं ते.”

“सगळं?”

“चार वेळा.”

दादाचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. शेजारचा खोकायचा थांबला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करू लागला.

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायला गेली, तर स्टेनोबाई जिन्यात उभ्या. ती काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “आहे?”

“आहे. चहाला नावं ठेवतोय.”

बाई तिथंच पायरीवर बसल्या. “पस्तीस वर्षं लिहिलं. शिक्षा लिहिल्या, सुटका लिहिल्या. लिहायचं आणि हातावेगळं करायचं. मजकूर ऐकून कुणी उठून धावलं, असं पहिल्यांदा पाहिलं मी.” त्यांनी रुमालानं डोळे टिपले.

“अजून येतात आवाज?”

“त्या दिवसापासून नाही. नळ, पंखा आणि सून.”

“बरं झालं की.”

“हो, बरंच झालं.” बाई वहीचा कोपरा चाळवत राहिल्या. “त्या रिपोर्टवालीचं काय झालं, तेवढं कळायला हवं होतं.”

काचेत त्यांनी काय पाहिलं, ते कानवालीनं विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. ती आता त्या खोलीत लोकांना बसवते तेव्हा त्यांच्या बोटांकडे बघते. काचेकडे बघत नाही. तीन आठवडे झाले, काही घडलेलं नाही. खांदे हळूहळू सैल पडतायत.

८

दादाला ती आपल्या घरी घेऊन आली. बाहेरच्या खोलीत पलंग लावला. पहिल्या दिवसापासून भांडणं: पंखा जोरात, टीव्ही मोठा, भाताला मीठ कमी.

“इतकं मीठ तुला चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टरांना काय, त्यांच्या घरी चवीचं होत असेल.”

एका दुपारी जेवण झालं, भांडी झाली. ती हात पुसत दारात आली. दादा झोपला होता, प्लॅस्टरमधला पांढरा पाय उशीवर, तोंड उघडं. खिडकीतून ऊन थेट त्याच्या पोटावर पडलं होतं, आणि पोट वर-खाली होत होतं. ती उंबऱ्यावर उभी राहून बघत राहिली.

कधी हात जोडायचे, कधी डोळे मिटायचे, कुठं तोंड करायचं, यातलं तिला काहीच येत नव्हतं. वडिलांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तिनं वाद घातले होते. आताही हात ओलेच होते, आणि खांद्यावर फडकं होतं.

“बरं झालं,” ती हळूच म्हणाली. मग तेवढं पुरेना, म्हणून पुन्हा म्हणाली, “फार बरं झालं.”

“कुणाशी बोलतेस?” दादानं डोळे न उघडता विचारलं.

ती दचकली. थोडा विचार केला.

“माहीत नाही.”

“चालतं,” तो म्हणाला, आणि कूस बदलायचा प्रयत्न करताना पायाच्या नावानं एक शिवी हासडून पुन्हा झोपला.